गोधडीवरची काशी

वत्सलाआत्या कुठंही जात नसे. हे आमच्या घरात इतकं मुरलेलं होतं की लग्नाची पत्रिका आली की आई ती वाचता वाचताच म्हणायची, "वन्सं सोडून बाकीच्यांची तिकिटं बघा." आत्यानं क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, असा नियम. एका अंगाला असी नदी, दुसऱ्या अंगाला वरुणा आणि समोर गंगा. पलीकडच्या रामनगरलासुद्धा जायचं नाही. असा नियम घेतलेली माणसं म्हणजे काठी टेकत चालणारी, मरायला आलेली म्हातारी माणसं, असंच कुणालाही वाटेल. आत्या तशी मुळीच नव्हती. नियम घेतला तेव्हा तिचे केसही पिकले नव्हते. ती पान खायची, ट्रान्झिस्टरला कान लावून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची, आणि बोलायला लागली की तिच्या जिभेला हाड नसे. देवळात आत जाण्यापेक्षा संकठा देवीच्या बाहेर पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची टिंगल करण्यात तिला जास्त रस होता. "नियमानं माझं एकच नुकसान झालं," ती म्हणायची, "लोकांच्या लग्नातले लाडू बुडाले."

आम्ही संकठा घाट आणि भोसले घाट यांच्या मधल्या गल्लीत राहायचो, गुरुजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते आणि नोकरीच्या निमित्तानं इकडे येऊन पडले होते. खाली राहणारे गुरुजी मात्र कितव्या पिढीपासूनचे बनारसी, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली गोदाकाकू म्हणायची. त्यांची मराठी अशी होती की पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला त्या हिंदी बोलतायत की मराठी, तेच कळायचं नाही. घर अंधारं, पण आवाजांनी भरलेलं. पहाटे देवळाची घंटा, मग दूधवाल्याची सायकल, मग खालून गुरुजींच्या विद्यार्थ्यांचं पाठांतर, माकडांची पत्र्यावरची धावपळ, आणि या सगळ्याच्या मधून, दिवसातून कितीतरी वेळा, "राम नाम सत्य है" म्हणत मणिकर्णिकेकडे जाणारी माणसं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आत्या तर पोळी लाटता लाटता नुसत्या आवाजावरून सांगायची, "हे देहातातले लोक आहेत, खरं रडतायत." तिच्या हातची आमटी गोड्या मसाल्याची, पण तिच्याबरोबर थंडीच्या दिवसांत चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, व्हायचं, तेही तिच्याच हातचं, वर लिंबू पिळून. हे दोन वास अजूनही मला एका घरचेच वाटतात.

मी इंटरला होते त्या वर्षी आत्याला जिना चढवेना. आधी ती मध्येच थांबून गुरुजींच्या विद्यार्थ्यांना चार शब्द सुनवायची आणि दम लागलाय हे लपवायची. मग आडवं झोपणंच बंद झालं. गुंडाळलेल्या गाद्यांना टेकून ती बसून झोपायची, आणि तिचा श्वास शेजारच्या खोलीत आम्हाला ऐकू यायचा. बाबांनी तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हृदयाची एक झडप आवळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावीच लागेल, ती लखनौला करून घ्या, आणि होळीच्या आत करा. आज माझ्या ओळखीत अशा झडपा बदललेली माणसं बाजारातून पिशव्या भरून भाजी आणतात. तेव्हा आम्हाला तो शब्दही नवा होता. पण आमची अडचण शस्त्रक्रिया ही नव्हतीच. अडचण होती लखनौ. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लखनौ वरुणेच्या कुठल्या बाजूला आलं?" बाबांनी डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "मग झालं तर," ती म्हणाली आणि पानाचा डबा उघडला.

पुढचे दिवस असे गेले. एका माणसाला जगवणं शक्य आहे, डॉक्टर तयार आहेत, बाबांनी रजा टाकली आहे, आणि ते माणूस समोर बसून मान हलवतं आहे. आईनं आर्जवं केली. मी रडून पाहिलं, तर आत्यानं माझीच समजूत घातली. बाबांनी एकदा आवाज चढवला. तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लहान भाऊ आहेत, हे आम्हा सगळ्यांना एकदम आठवलं. शेवटी त्यांनी गुरुजींना वर आणलं. गुरुजी सरळ माणूस. ते म्हणाले, "प्राणावर बेतलं तर जावं, पुढे प्रायश्चित्त आहे. पण नियम मोडला, असंच त्याला म्हणायचं. मोडला नाही, असं मला म्हणता यायचं नाही." आत्या बाबांकडे बघून हसली. "बघ अरु, हा एकटाच माझ्याशी खोटं बोलत नाही." त्या दिवशी बाबा बराच वेळ मोरीत होते आणि नळ नुसता वाहत होता. आई ओट्याशी उभी राहून काहीतरी ढवळत राहिली, गॅस पेटवलेलाच नव्हता. आत्यानं नळाचा आवाज ऐकला. कॉमेंट्री चालू होती, ती तिनं बंद केली.

गोधडीची कल्पना गोदाकाकूंची. त्या जिन्यात आईला म्हणाल्या, "वत्सला काशी सोडू शकत नाही ना? ठीक आहे. मग काशी तिच्याबरोबर पाठवून देऊ. गोधडी शिवू, त्याच्यावर असीपासून वरुणेपर्यंत सगळी काशी काढू. त्याच्यावरच तिनं बसायचं, त्याच्यावरच झोपायचं. पाय बाहेर ठेवलाच नाही, तर हद्द कुठे ओलांडली?" गुरुजी खालून म्हणाले, "शास्त्रात असं काही नाही." काकू म्हणाल्या, "शास्त्रात गोधडीच नाही, ते आम्हाला मालूम आहे. पुरुषांनी लिहिलंय, त्यांना थंडी कुठे वाजते?" आईनं ते ऐकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. खरं सांगते, आमच्यापैकी कुणाचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. पण हातांना काहीतरी काम मिळालं होतं.

चित्र माझ्याकडे आलं, कारण घाट समोरून नीट पाहिलेली मीच. रामनगरला माझी मैत्रीण राहायची आणि नावेनं परत येताना ती सगळी रांग दर वेळी डोळ्यांपुढून सरकायची. बाबांचं जुनं धोतर गुरुजींच्या पडवीत अंथरलं आणि निळ्या पेन्सिलीनं मी त्यावर काठ काढला: डाव्या टोकाला असीचा ओहोळ, मग दशाश्वमेधच्या छत्र्या, मग मणिकर्णिका, मग आमचा संकठा घाट आणि भोसल्यांचा तो दगडी वाडा, आणि उजव्या टोकाला वरुणा. खरं म्हणजे आमचे दोन घाट मी उरलेल्या अर्ध्या काशीएवढे मोठे काढले होते, पण कुणी हरकत घेतली नाही. काकूंनी कात्री चालवून धोतराचे उभे पाच तुकडे केले. गल्लीत मराठी घरंही तेवढीच होती. एकेका घरी एकेक तुकडा गेला. एकत्र बसून शिवणं जमण्यासारखं नव्हतं. कुणाच्या घरी श्राद्ध, कुणाची शाळेची नोकरी, गुरुजींची पडवी दिवसभर विद्यार्थ्यांनी भरलेली, आणि वर जिथं सगळ्या मावतील ती एकच खोली, तिच्यात आत्या बसलेली. भांडण फक्त मणिकर्णिकेवरून झालं. आजारी बाईच्या अंगाखाली स्मशान कोण शिवणार? तो तुकडा असा हातोहात फिरला की शेवटी काकूच म्हणाल्या, "आण इकडे. तिथून कुणाची सुटका आहे?"

मग आमच्या गल्लीत विचित्र शांतता पसरली. दुपारी एरवी गच्चीवरून गच्चीवर ओरडून चालणारं बोलणं बंद झालं; प्रत्येक घरात कुणीतरी खिडकीशी उजेडाला बसून धावदोरा घालत होतं. जुनी नऊवारी पातळं निघाली, परकर निघाले, विणकरांच्या मोहल्ल्यातून रेशमाची कतरण आली. घाटाच्या पायऱ्यांसाठी गुरुजींच्या एका पिवळट पडलेल्या उपरण्याच्या पट्ट्या फाडल्या, तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "शास्त्राला कमीत कमी विचारायचं तरी." आमच्या घरचा तुकडा आमच्याच घाटांचा होता. आई आणि मी तो स्वयंपाकघरात दार लोटून शिवायचो. पलीकडे आत्या बसलेली असायची आणि मधूनच आईला म्हणायची, "शालू, टाके फार लांब घालू नकोस, पायाच्या बोटात अडकतात." तिला काहीही सांगितलेलं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या बायका शिवण तिच्याकडेच शिकल्या होत्या, आणि सुई कापडातून ओढल्याचा आवाज तिला भिंतीआडून कळत होता. आम्ही लपवत होतो आणि तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे आम्हाला माहीत होतं, तरी कुणीही ते बोललं नाही.

तुकडे जोडायचा दिवस आला तेव्हा सगळ्याजणी काकूंच्या पडवीत जमल्या. एकमेकींचं काम पाहून आधी कौतुक झालं. मग तुकडे शेजारी शेजारी मांडले. गंगा जुळेना. माझ्या चित्रात पाण्याची रेघ एकसारखी होती, पण ती रेघ कुणी पाळलीच नव्हती. प्रत्येकीनं पाणी आपल्याला आठवत होतं त्या पायरीपर्यंत नेलं होतं. असीवाल्या बाई उन्हाळ्यात लग्न होऊन आलेल्या. त्यांची गंगा पार खाली, मध्ये वाळू. दशाश्वमेधवर कार्तिकातलं पाणी. काकूंच्या सासूबाई पुराच्या दिवसांत वारल्या होत्या, जाळायला कोरडी जागा मिळेना म्हणून प्रेत कुणाच्यातरी गच्चीवर न्यावं लागलं होतं. त्यांच्या तुकड्यात नदी थेट देवळांच्या दारांत चढलेली. आमच्या तुकड्यावर, आईनं आणि मी काही न ठरवता, आत्या रोज जिथं पाय सोडून बसायची त्या पायरीच्या खालपर्यंतच पाणी होतं. वरुणेच्या टोकाला तर पाणी आणि चिखल यांत फरकच नव्हता. उसवून पुन्हा करायला वेळ नव्हता, लखनौची तारीख ठरली होती. आई खाली बसली आणि म्हणाली, "ही काशी नाही झाली. आता काय दाखवायचं त्यांना?" आणि इतक्या दिवसांचं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. आम्ही तशीच जोडली. दुसरा इलाज नव्हता. शेवटचा कोपरा मिटण्याआधी काकूंनी साखर लावलेला पोळीचा लहानसा तुकडा आत सारला. गोधडी उपाशी राहू नये म्हणून आमच्यात असा घास भरतात.

आत्याच्या कॉटवर आम्ही ती पसरली. तिनं एका टोकापासून पाहायला सुरुवात केली आणि बोट फिरवत फिरवत तिला हसू यायला लागलं. "ही गंगा आहे की जिना?" ती इतकी हसली की श्वास अडकला, आई पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तरी तिचं हसणं थांबेना. टाके पाहून कुठला तुकडा कुणाचा, ते तिनं एकेक करून ओळखलं. मणिकर्णिकेपाशी थांबली. तिथं काकूंनी चिता शिवलीच नव्हती. लाकडं भरलेली नाव होती, एक गाय होती, बस्स. "गोदे, एवढी विझवलीस?" काकू म्हणाल्या, "तू परत ये, मग लावते." आणि तोंडाला पदर लावून खाली निघून गेल्या.

सगळ्या गेल्यावर आत्यानं मला जवळ बसवलं. बाबा दारात उभे होते. ती म्हणाली, "हे बघ, गोधडीनं काही होत नाही. गुरुजी म्हणतात तेच खरं." मग बराच वेळ श्वास घेत राहिली. "तुला वाटतं मी मोक्षासाठी बसलेय? अगं, सासरहून तुझ्या आजोबांच्या घरी परत आले तेव्हा मी विशीचीही नव्हते. तेव्हापासून ज्याच्याकडे बाळंतपण त्याच्याकडे मी. ज्याच्याकडे आजारी माणूस त्याच्याकडे मी. नागपूर, अकोला, इंदूर. कुणी वाईट वागवलं नाही हो. पण एका घरात दोन दिवाळ्या झाल्या असं कधी घडलं नाही. इथं आले, नियम घेतला, आणि पहिल्यांदा कुणाला मला पाठवता येईना. देवाचं नाव घेतलं की सगळे गप्प बसतात." हे ती मला सांगत होती, पण ऐकवत होती बाबांना. मला तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं. तोपर्यंत मी तिला आमच्या घरातली सगळ्यात मोकळी बाई समजत होते, आणि ती तशी होतीही. फक्त त्यासाठी तिला दोन नद्यांच्या मध्ये अडकून राहावं लागलं होतं. "नळ सोडून रडत जाऊ नकोस, अरु," ती बाबांना म्हणाली, "पाणी फुकट जातं. मी येते लखनौला. पण एक कबूल कर. परत इथंच आणायचं आणि नंतर मला कुठंही पाठवायचं नाही. मग कुणी काहीही म्हणो." बाबांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "कबूल." मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

जीपमध्ये मागं गादी, गादीवर गोधडी, तिच्यावर आत्या टेकून बसलेली. मी पुलापर्यंत बरोबर गेले. कचेरीजवळ वरुणेचा पूल आला तशी तिनं विचारलं, "आली का?" बाबा पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाले, "हो, ताई." तिनं दोन्ही हातांनी गोधडीचे काठ धरले, लहान मूल झोपाळ्याच्या दोऱ्या धरतं तसे, आणि पाय आत ओढून घेतले. काही होत नाही म्हणणारी तीच बाई. जीप पलीकडे गेली. पुलाच्या त्या टोकाशी मला उतरवलं आणि मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. जीप दिसेनाशी झाली तरी घरी जायचं सुचेना.

आत्या वाचली. लखनौला नागपूरहून मधुकाका, बाबांचे धाकटे भाऊ, धावत आले होते. त्यांनी रक्त दिलं, बाबांबरोबर व्हरांड्यात सतरंजीवर झोपले, औषधांसाठी उन्हातान्हात फिरले. परत आल्यावर आत्या महिन्याभरात जिना चढू लागली. आलेल्यागेलेल्याला ती गोधडी दाखवायची आणि काकू प्रत्येकाला ठासून सांगायच्या, "नियम मोडलाच नाही. काशीवर बसून गेली, काशीवर बसून आली. एकदम पक्कं." गुरुजी तेवढ्यात पोथी उघडत. आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. आत्यानंही. मला वाटतं, ती सुखाची होती तेव्हा.

पावसाळ्याच्या तोंडावर मधुकाका आले. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि नागपूरच्या काकूनं रक्तदाब वाढून अंथरूण धरलं होतं. त्यांनी काही मागितलं नाही आधी, नुसतं सांगितलं. मग चहा पिता पिता म्हणाले, "डॉक्टरांनी तर ताईला हिंडायला-फिरायला सांगितलंय. काम काही नाही, नुसतं बसून लक्ष ठेवायचं. मोठं माणूस घरात असलं की पोरीला धीर येतो." आई चटकन म्हणाली, "पण त्यांचा नियम आहे ना." आणि गोदाकाकू, ज्या तेव्हा आत्याशेजारी कॉटच्या कडेला बसल्या होत्या, त्या आईच्या मदतीला धावल्या. "हो, नियम आहे. मोडलेला नाही अजून. गोधडीवर बसून गेली होती ती."

मधुकाकांनी कॉटवरच्या गोधडीकडे पाहिलं. त्यांच्या मनात काहीही वाकडं नव्हतं. अडचणीतल्या माणसाला वाट दिसावी तसा त्यांचा चेहरा उजळला. "मग तीच बरोबर घेऊ की," ते म्हणाले. "गाडीत बर्थवर अंथरू. घरीही तिच्यावरच बसायचं. लखनौला चालली, तर नागपूरला न चालायला काय झालं?"

हे तर काकूंचेच शब्द होते. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. आई बाबांकडे पाहू लागली, मीही पाहू लागले. बाबा कपातल्या चहाकडे पाहत होते. समोर बसलेल्या माणसाचं रक्त आत्याच्या अंगात होतं, आणि त्याला 'नाही' म्हणायला जे शब्द लागतात ते त्यांच्याकडे नव्हते. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाबा, बोला. खालून विद्यार्थ्यांचं पाठांतर वर येत होतं. आत्यानं पुष्कळ वाट पाहिली. तिनं घाई केली असं कुणालाही म्हणता आलं नसतं. मग तिनं गोधडीचा वर आलेला काठ हातानं सारखा केला.

"कधीची गाडी आहे?" तिनं विचारलं.

बाबा रेल्वेत होते. त्यांनी कुठंही न बघता वेळ सांगितली.